डावी बाजू

रडते तेव्हाच कळतं.
वाशांकडे टकामका बघत पडलेली असेल
तर ती दोन्ही बाजूंनी एकच मुलगी.
मग भूक लागते, तोंड उघडतं
आणि सगळं रडणं उजवीकडे धावतं.
डावा गाल
हाक ऐकूच न आल्यासारखा
गुळगुळीत.

नार्वेतल्या बायका येतात, नारळ ठेवतात, वाकून बघतात.
एक म्हणाली, वारं लागलं.
एकीनं विचारलं, ग्रहणात विळीवर बसली होतीस?
बसले होते. पाच बांगडे कापले होते.

सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत.
सहाव्या रात्री त्यांनी पाटावर कोरा कागद मांडला,
बाजूला रोहिदासचं पेन,
फेरीबोटीवर पावत्या फाडतो तेव्हा खिशात असतं ते.
सटवाई येईल, लिहून जाईल.
मी जागीच होते, दर दोन तासांनी थेंब घालायचे होते
न मिटणाऱ्या डोळ्यात.
कधीतरी ती किंचाळली. उजव्या कपाळावर
तीन आठ्या उमटल्या, स्पष्ट, शाईनं ओढल्यासारख्या.
डावं कपाळ कोरं.
बाईला अर्ध्यातूनच
कुणीतरी दुसऱ्या घरी बोलावलं असावं.

त्याच कागदावर आता रोहिदास अर्ज लिहितो आहे.
महोदय, माझ्या मुलीच्या तोंडाला चिमट्यामुळे
इथवर आलाय.
डिचोलीच्या वकिलाला विचारलंय म्हणतो.
त्या रात्री तो बाहेर बाकावर होता,
कुणाच्यातरी डब्यातली पेज खात.
चिमटा लावलाच नव्हता.
हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टर लोर्ना रिबेलो खाटेच्या कडेवर बसली,
चप्पल काढून, घरच्यासारखी.
शीर चेपल्या, म्हणाली, तुटूंक ना.
कानाखालून येते ती, दोऱ्याएवढी,
डोकं फार वेळ एका जागी अडलं
तर हाडाचा दाबही पुरतो.
बरं होतं. बहुतेक. काही आठवडे, कधी महिने.
कुणाच्या हाडाचा, हे ती म्हणाली नाही.
मी विचारलं नाही.

चौदा तास.
तू माझ्या आत, पाठीच्या तळाशी,
डावा कान भिंतीला लावून बसलेली.
मी दात खाऊन तुला बाहेर ढकलत होते
आणि जिच्यावर तू चेपत होतीस
ती भिंतही मीच.

आठ वर्षं काजूच्या कारखान्यात निवडायला बसते मी.
अख्खे इकडे, फाकी तिकडे,
तुकडा शेवटच्या डब्यात.
डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं,
मुकादमसुद्धा माझं टोपलं पुन्हा तपासत नाही.
आता कानापासून ओठापर्यंत
अंगठा हळूच फिरवते तुझ्या गालावरून, सांगितलंय तसा,
आणि बोटं काहीच सांगत नाहीत.
सांगू नका.

दूध डाव्या कोपऱ्यातून गळतं, मानेच्या घडीत साचतं,
आंबूस वास येतो, तो मला आवडायला लागलाय.
रात्री पापणीवर पांढरी पट्टी लावते,
पहाटेपर्यंत ती सुटलेली असते.
शेवटची फेरी धक्क्याला लागते, साखळी खडखडते,
घर निजतं.
तू एक डोळा उघडा ठेवून झोपतेस.
मी दोन.

काल थेंब घालताना पापणी हलली.
की माझा हात हलला?
दिवा जवळ आणला. काही नाही.
बुबुळात फक्त दिवा.
रोहिदास कुशीवर वळला, काय झालं म्हणाला.
म्हटलं, काही नाही, झोप.
आणि गरज नव्हती तरी
आणखी एक थेंब घातला.